पंखा फिरतो का, हे कुणीच पाहिलं नाही

दि. ९ जून

प्रति,
ग्राहक सेवा व्यवस्थापक

विषय : रेडिएटरच्या पंख्यातील बिघाड न ओळखता केलेल्या अनावश्यक कामांचे पैसे परत मिळण्याबाबत.

महोदय,

माझी गाडी एप्रिलपासून तुमच्या पुण्यातील अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये दोनदा येऊन गेली. तक्रार दोन्ही वेळा एकच होती : सिग्नलला थांबलं की तापमानाचा काटा चढतो आणि एसी गरम हवा फेकतो, गाडी पळू लागली की दोन्ही ठीक. तुमच्या अ‍ॅडव्हायजरला मी हे अगदी असंच सांगितलं होतं. जॉब कार्डवर मात्र त्याने लिहिलं, ‘इंजिन हीट, एसी कूलिंग कमी’. थांबल्यावर आणि पळताना हा फरक, म्हणजे तक्रारीतलं कामाचं जेवढं होतं तेवढंच नेमकं गळलं.

पहिल्या खेपेला थर्मोस्टॅट, म्हणजे कूलंटचा प्रवाह उघडणारी-बंद करणारी झडप, बदलला (मजुरीसह २,३५० रुपये), कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं द्रव, बदललं (१,१००) आणि एसीचा गॅस भरला (१,९००). ‘टेस्ट ड्राइव्ह ओके’ असा शेरा मिळाला. ही टेस्ट ड्राइव्ह बायपासवर झाली होती, हे नंतर कळलं. साठच्या वेगाने समोरून वारा लागत असताना रेडिएटरला पंख्याची गरजच पडत नाही, मग ओके येणारच! दुसऱ्या खेपेला वॉटर पंप बदलला, ४,६०० रुपये.

त्यानंतरच्या शनिवारी साताऱ्याला जाताना खंबाटकी घाटात ट्रॅफिक तुंबलं आणि बॉनेटमधून वाफ येऊ लागली. मागच्या सीटवर ७४ वर्षांची आई. गाडी कडेला घेऊन तुमच्या सेंटरला फोन केला. गाडी न पाहताच उत्तर आलं : “हेड गॅस्केट गेलं असणार, टो करून आणा, अडतीस हजार धरून चला.” (हेड गॅस्केट म्हणजे इंजिनाच्या वरच्या आणि खालच्या भागांमधलं सील.) तासभर इंजिन थंड होऊ दिलं, रेडिएटरचं झाकण उघडायच्या फंदात पडलो नाही. मग इंजिनाची उष्णता आत ओढली जावी म्हणून हीटर फुल करून, खिडक्या उघड्या टाकून, थांबत थांबत घाट चढलो. मे महिन्यात हीटर! आई काही बोलली नाही, पदराने वारा घेत राहिली.

सुरूर फाट्याजवळच्या ऑटो इलेक्ट्रिशियनने पहिलं वाक्य काय म्हटलं असेल, तर “एसी लावा”. एसी लावला की पंखा सुरू व्हायला हवा. झाला नाही. त्याने फ्यूज पाहिला, मग पंख्याचा रिले, म्हणजे त्याची वीज चालू-बंद करणारा स्विच, काढून त्या जागी हॉर्नचा तशाच मापाचा रिले लावला, पंखा हलेना. मोटरच्या कनेक्टरला टेस्ट लॅम्प लावला, तो लख्ख पेटला, म्हणजे वीज येत होती. बॅटरीवरून थेट वायर दिली तरी मोटर ढिम्म. शेवटी मोटरच्या पाठीवर पान्याने हलकेच ठोकलं आणि पंखा गरगर फिरू लागला. मोटरच्या आत वीज पोचवणारे कार्बन ब्रश झिजले होते. एसी थंड न होण्याचं कारणही तेच, कारण एसीच्या कंडेन्सरला, म्हणजे एसीची उष्णता बाहेर टाकणाऱ्या जाळीला, थांबलेल्या गाडीत हवा याच पंख्याची. या सगळ्याला पंधरा मिनिटंही लागली नाहीत. नव्या मोटरचे मजुरीसह २,८०० रुपये दिले. तेव्हापासून काटा मधोमध आहे, हेड गॅस्केटही शाबूत आहे.

‘स्कॅनरमध्ये एकही एरर नव्हता’ असा खुलासा तुमच्या सेंटरने फोनवर केला. माझ्या गाडीत पंखा साध्या रिलेवर चालतो. कॉम्प्युटर रिलेला हुकूम देतो, मोटर खरोखर फिरली की नाही हे त्याला कळत नाही. ते बॉनेट उघडून पाहावं लागतं. दोन खेपांत हे एकालाही सुचू नये?

माझ्या मागण्या अशा : थर्मोस्टॅट, एसी गॅस आणि वॉटर पंप यांचे एकूण ८,८५० रुपये परत मिळावेत. कूलंट तसंही बदलायला आलं होतं, त्याचे पैसे मागत नाही. काढलेला थर्मोस्टॅट आणि पंप मागितले तेव्हा ‘स्क्रॅपमध्ये गेले’ असं सांगण्यात आलं; ते खराब होते हे कशावरून ठरवलं, याचं लेखी उत्तर द्यावं. आणि गाडी न पाहता अडतीस हजारांचा आकडा कोणत्या आधारावर सांगितला, तेही.

पंधरा दिवसांत उत्तर न आल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर (१९१५) तक्रार नोंदवेन आणि ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार सेवेतील त्रुटीबद्दल जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन.

दोन्ही जॉब कार्ड, बिलं आणि जुन्या मोटरचे फोटो सोबत जोडले आहेत. मोटर माझ्याकडेच आहे, केव्हाही येऊन पाहावी.

आपला,
(सही)