आधी अर्ज, मग व्हिडिओ

महोदय,
आमच्याकडे वेल्डिंगच्या दुकानात डवरे, टोकणयंत्रं अशी शेतीची अवजारं घडवणारे कारागीर बरेच आहेत. यंत्र चाललं की व्हिडिओ लगेच मोबाइलवर फिरतो. पेटंटच्या, म्हणजे शोधावरच्या एकाधिकाराच्या दृष्टीने इथेच घात होतो. अर्जाआधी जाहीर झालेली गोष्ट सहसा नवीन धरली जात नाही. यंत्र अर्धवट असलं तरी तात्पुरता अर्ज करता येतो, पूर्ण तपशील १२ महिन्यांत द्यायचा. पेटंट मिळालंच तर ते अर्जाच्या तारखेपासून २० वर्षं, आणि तेही भारतापुरतं.

बियाण्याच्या वाणाला मात्र पेटंट नाही. त्यासाठी २००१ चा वेगळा कायदा आहे आणि त्यात शेतकऱ्यालाही स्वतःच्या वाणाची नोंद करता येते. नागभीड तालुक्यातल्या नांदेडच्या दादाजी खोब्रागडे यांनी एचएमटी हे धानाचं वाण निवडून काढलं, ते या कायद्याच्या कितीतरी आधी. मानसन्मान झाले, पैशाचं म्हणाल तर हाती फारसं लागलं नाही.

पेटंटसारख्या बौद्धिक संपदेचं प्रशिक्षण देणारी राष्ट्रीय संस्था नागपुरातच आहे. तिने तालुक्याच्या कृषी प्रदर्शनात एखादा स्टॉल लावावा. खत-औषधांच्या स्टॉलशेजारी लावला तर गर्दीही आयतीच मिळेल.

– एक शेतकरी वाचक, ब्रह्मपुरी (जि. चंद्रपूर)