आई-बाबा, घरातल्या घरात पत्र लिहितीये

आई, बाबा,

एकाच घरात राहून पत्र कसलं लिहिते असं वाटेल तुम्हाला, पण समोर बसून बोलायला गेले की आईला कुकर लावायचं आठवतं आणि बाबा तुम्ही टीव्हीचा आवाज वाढवता, तीनदा झालंय असं. म्हणून मोबाईलवर टाईप केलं आणि त्रिमूर्ती चौकातून मोठ्या अक्षरात प्रिंट काढून आणली. तरी बाबा तुम्हीच आईला वाचून दाखवा, तिला दिसत नाहीये हे ती काही कबूल करणार नाही.

आई, मागच्या आठवड्यात गोदरेजच्या कपाटात माझी मार्कशीट शोधत होते तेव्हा पोस्टाचं पासबुक सापडलं. आरडी, माझ्या नावाने, महिन्याला ५,००० रुपये, चौदा महिने झाले. म्हणजे मी पगार झाला की घरखर्चाला म्हणून ८,००० तुझ्या हातात ठेवते त्यातले पाच हजार तू परत माझ्याच नावावर टाकतेस आणि घर चालतं बाबांच्या पेन्शनवर आणि उरलेल्या तीन हजारांवर. मी तिथेच पलंगावर बसून खूप रडले. राग आला, आणि तुझ्या मांडीवर डोकं ठेवून झोपावंसं पण वाटलं. "लग्नाला लागतील" असंच म्हणशील तू, माहितीये मला.

पण आई हिशोब तरी बघ ना. पोस्ट आरडीला ६.७ टक्के देतं आणि मी शिक्षणाच्या कर्जासाठी बँकेला साडेदहा टक्क्यांच्या आसपास देतीये. म्हणजे एका खिशात कमी व्याज येतंय आणि दुसऱ्या खिशातून जास्त जातंय, आणि मधल्या मधे तू तुझं औषध अर्धी गोळी करून घेतेस. आणि ती आरडी तीन वर्षं व्हायच्या आत मोडता पण येत नाही, मी पोस्टात जाऊन विचारून आले.

तुम्हाला दोघांना मी कर्जाचा पूर्ण हिशोब कधी सांगितलाच नाही, ही चूक माझी आहे. आज सांगते. घेतले होते सात लाख, दोन वर्षांच्या कोर्ससाठी, चार सेमिस्टरला चार वेळा पावणेदोन पावणेदोन करून. कोर्स चालू असताना आणि संपल्यावर एक वर्ष हप्ता नसतो, आपल्याला वाटलं किती चांगलं, पण व्याज तेव्हापण चालूच असतं, ते बाजूला साठत राहतं आणि हप्ता सुरू व्हायच्या दिवशी मुद्दलात मिळवतात. म्हणून पहिल्या हप्त्याच्या दिवशी सात लाखाचे साधारण ८ लाख ६५ हजार झाले होते. हप्ता बसला ११,६७२ चा, दहा वर्षं. त्यातले पहिल्या महिन्याला साडेसात हजार नुसते व्याजात गेले. मी पुण्यात तीन वर्षं एकही हप्ता न चुकवता भरले, चार लाख वीस हजार तरी गेले असतील, आणि मग एक दिवस रात्री स्टेटमेंट काढून बघितलं तर बाकी ६ लाख ९२ हजार. म्हणजे घेतलेल्या रकमेपेक्षा फक्त आठ हजारांनी कमी. त्या रात्री मी वाकडच्या रूमवर ठरवलं नाशिकला घरी जायचं, कारण रूमचं भाडं, मेस, लाईट धरून पंधरा हजार महिन्याला जात होते आणि ते पंधरा हजार कुठेतरी वाचल्याशिवाय हे संपणार नव्हतं.

तुम्ही स्टँडवर घ्यायला आला होतात बाबा, दोन बॅगा आणि गादीची वळकटी, चाकणच्या ट्रॅफिकमुळे बस दोन तास लेट, तरी तुम्ही तिथेच उभे. काही विचारलं नाही. स्कूटरवर फक्त एवढंच म्हणालात, "अंबडला बघू आता काहीतरी." आणि मिळाली पण नोकरी, पुण्यापेक्षा पगार कमी, ४२ हजार हातात. पण आता ऐका. घरी आल्यापासून मी हप्त्याशिवाय पंधरा हजार जास्तीचे भरतीये, ते सरळ मुद्दलात जातात, व्याजदर बदलता असेल तर आधी भरायला बँक दंड लावत नाही. चौदा महिन्यांत बाकी ६ लाख ९२ हजारावरून ३ लाख ८६ हजारावर आलीये. पुण्यात तीन वर्षांत पावणेदोन लाख सुद्धा उतरले नव्हते, इथे सव्वा वर्षाच्या आत तीन लाख उतरले. हे माझ्या पगाराने नाही झालं, आपल्या सिडकोच्या दोन खोल्यांनी, आईच्या डब्याने आणि तुमच्या जुन्या स्कूटरने झालंय.

म्हणून आत्या हळदीकुंकवाला आली आणि विचारलं की पोरगी पुणं सोडून का आली, तेव्हा तुम्ही म्हणालात "आम्हालाच करमेना म्हणून बोलावून घेतलं", ते मला फार लागलं. तुम्ही माझी बाजू सांभाळायला म्हणालात, कळतं मला. पण यात सांभाळण्यासारखं काय आहे बाबा? कर्ज काढून शिकले, कर्ज फेडतीये, आई-बाबांच्या घरात राहून फेडतीये. पुढच्या वेळी असंच सांगा. तुमच्या तोंडून ऐकलं तर मला पण मान वर करून बसता येईल पाहुण्यांत.

आता दिवाळीनंतरचा तो हप्ता. कंपनीचा पगार बारा दिवस उशिरा झाला आणि हप्ता बाऊन्स झाला, बँकेने मला तर फोन केलाच पण तुम्हाला पण केला कारण तुम्ही सहकर्जदार आहात, सही आहे तुमची. आणि तुम्ही मला न सांगता जाऊन भरून आलात, वर दंड पण भरलात. मला पावती दिसली तुमच्या शर्टाच्या खिशात, धुवायला टाकताना. बाबा, तुमचा सिबिल, म्हणजे कर्ज फेडण्याचा रेकॉर्ड, खराब होऊ नये याची जेवढी काळजी मला आहे तेवढी माझ्या स्वतःच्याची पण नाही. त्या महिन्यापासून मी एक हप्ता कायम खात्यात शिल्लक ठेवते, त्याला हात लावत नाही. परत बँकेचा फोन आला तर आधी मला सांगा. एवढंच करा.

आणि तुमची एफडी. तुम्ही म्हणता मोडून टाकू, तीन लाख भरू, पोरगी मोकळी होईल. नुसत्या हिशोबाने बघितलं तर तुमचं बरोबर आहे, एफडीला सातच्या आसपास मिळतं आणि कर्जाला साडेदहा जातं, आत्ता मी आईला जे सांगितलं तेच. तरी नाही. सातपूरला तीस वर्षं शिफ्टा करून मिळालेल्या ग्रॅच्युइटीची ती एफडी आहे आणि पेन्शन तीन हजाराच्या आत येते. उद्या रात्री दोन वाजता हॉस्पिटलला न्यायची वेळ आली तर काउंटरवर भरायला आपल्याकडे त्या एफडीशिवाय काही नाहीये. कर्ज सोळा महिन्यांत संपतंय, म्हणजे २०२७ च्या सिंहस्थाच्या सुमारास, मी कॅलेंडरवर खुणा केल्यात. सोळा महिने कळ काढू आपण. दादा म्हणतो घाई करू नको, कर्जाच्या व्याजावर टॅक्स वाचतो. पण ती सूट फक्त टॅक्सच्या जुन्या पद्धतीत आहे आणि मी नवीन पद्धतीत आहे, तिथे माझ्या पगारावर टॅक्स लागतच नाही. मग वाचणार काय?

आई, आता तुझं. पवननगरच्या बाजारात परवा तू कोथिंबीरवाल्या मावशींना वीसची समजून दोनशेची नोट दिलीस, ओळखीच्या म्हणून त्यांनी परत केली. तांदूळ निवडताना तू ताट दाराशी उजेडात नेतेस. गेल्या वर्षी डॉक्टर म्हणाले मोतीबिंदू पिकलाय, करून घ्या, तू म्हणालीस हिच्या लग्नानंतर बघू. चौदा महिन्यांचे सत्तर हजार झालेत त्या आरडीत आई. कधीच झालं असतं ऑपरेशन.

आरडी चालू ठेवायची तर मी माझ्या पगारातून वेगळी भरीन, पाच हजार वरचे नाही जमणार, पंधरा हजारातून तेवढे कमी करीन, कर्ज तीन-चार महिने उशिरा संपेल, चालेल मला. पण ते आठ हजार घरातच खर्च व्हायला हवेत. गोळी पूर्ण घ्यायची. दूध परत एक लिटर चालू कर, बाबा संध्याकाळचा चहा सोडलाय म्हणतात तो का सोडलाय ते मला कळलंय.

शनिवारी कंपनीला सुट्टी आहे. डोळ्यांच्या दवाखान्यात सकाळी साडेदहाचा नंबर लावलाय मी. बाबा, आईचं आधार कार्ड, बीपीची चिठ्ठी आणि मागच्या वर्षीचा तो रिपोर्ट टीव्हीच्या खालच्या ड्रॉवरमध्ये आहे, काढून ठेवा. डोळ्यात ड्रॉप टाकल्यावर तिला काही तास नीट दिसणार नाही म्हणून स्वयंपाक मी सकाळीच करून ठेवीन. आई, तू फक्त तयार राहा.

तुमची,
पिंकी