केकची कृती वाटीत नको, ग्रॅममध्ये छापा

मा. संपादक,
स. न.

रविवारच्या पुरवणीत व्हिक्टोरिया स्पंजची कृती वाचली. चार अंडी, दोन वाट्या मैदा, दीड वाटी पिठीसाखर, वाटीभर लोणी, चमचाभर सोडा आणि वर भरपूर क्रीम. या मापाने केलेला केक मधोमध फुगून तडकेल, कोरडा होईल आणि जिभेवर साबणासारखी चव ठेवेल. पहिल्यांदाच करणारी व्यक्ती मग स्वतःला दोष देईल. दोष मापाचा आहे, म्हणून हे पत्र.

ब्रिटनच्या घरांमध्ये हा केक वजनावर होतो आणि रीत अगदी सोपी आहे. अंडी कवचासकट तराजूत ठेवायची. जे वजन भरेल तेवढेच बटर, तेवढीच साखर, तेवढाच मैदा. तिथल्या पुस्तकांत चार अंड्यांना २२५ ग्रॅम लिहिलेले असते, पण तो आकडा तिथल्या मोठ्या, कवचासकट ६३ ते ७३ ग्रॅमच्या अंड्यांसाठी असतो. आपल्याकडच्या दुकानातले बहुधा ५० ते ५५ ग्रॅमचे. तिथला आकडा जसाच्या तसा उचलला की अंडे कमी पडते, मिश्रण घट्ट होते आणि केक चिरतो. आपली चार अंडी २१० ग्रॅम भरली तर सगळे २१० ग्रॅम घ्यावे. वाटीचा तर भरवसाच नाही. घरोघरी ती वेगळी, आणि सैल भरलेल्या व दाबून भरलेल्या मैद्यात सहज पाव हिश्शाचा फरक पडतो.

बटर बिनमिठाचे, बोट दाबले की खड्डा पडेल इतकेच मऊ हवे. सांगलीच्या एप्रिलमध्ये ते ओट्यावर दहा मिनिटांत वितळते आणि वितळलेल्या बटरमध्ये हवा कोंडली जात नाही. उन्हाळ्यात फ्रीजमधून काढून लगेच तुकडे करावेत. घरच्या लोण्यात पाणी आणि ताकाचा अंश जास्त असतो, त्यामुळे ते इथे चालत नाही. पिठीसाखरही नको. साखरेच्या कण्यांच्या कडा बटरमध्ये हवेचे बारीक बुडबुडे तयार करतात. पिठी झाली की ते काम नीट होत नाही. कारखान्याची बारीक दाण्याची साखर मिक्सरमध्ये दोन-तीन सेकंद फिरवली की पुरे. बटर-साखर फिकट पांढरी होईपर्यंत फेटावी. अंडी खोलीच्या तापमानाची असावीत आणि थोडी थोडी घालावीत. गार अंडी एकदम ओतली की मिश्रण फाटते. तसे झाले तर चमचाभर मैदा घालून सावरता येते. मैदा घातल्यावर मात्र फेटणे बंद, फक्त हलक्या हाताने मिसळावा, नाहीतर केक चिवट होतो. मिश्रण चमच्यावरून आपसूक खाली पडले पाहिजे. नाही पडले तर एक-दोन चमचे दूध घालावे.

सोड्याचे काय? बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्ड यांनी १८४३ मध्ये बेकिंग पावडर तयार केली, कारण त्यांच्या पत्नीला यीस्ट सोसत नव्हते. १८४५ मध्ये ब्रिस्टलच्या हेन्री जोन्स यांनी सेल्फ रेझिंग, म्हणजे फुगवणारा घटक आधीच मिसळलेल्या, पिठाचे पेटंट घेतले. ब्रिटिश कृतीत असते ते हे पीठ. इथे १०० ग्रॅम मैद्याला ५ ग्रॅम बेकिंग पावडर घालून दोनदा चाळले की काम भागते. नुसत्या सोड्याला आंबट जोडीदार लागतो आणि या केकमध्ये तो नाही. साबणाची चव येते ती त्यामुळे.

वीस सेंटिमीटरच्या दोन डब्यांत, १८० अंशांवर साधारण २५ मिनिटे. पंखा चालणाऱ्या ओव्हनमध्ये १६० अंश. पहिली वीस मिनिटे दार उघडू नये, नाहीतर मधला भाग बसतो. दोन थरांमध्ये जॅम आणि वर नुसती साखर भुरभुरवायची, एवढीच सजावट. ब्रिटनमध्ये १९१५ पासून चालत आलेल्या विमेन्स इन्स्टिट्यूट या महिला संघटनेच्या स्पर्धांतून हाच साधेपणा जपला गेला. तिथे मध्ये रासबेरीचा जॅम असतो आणि क्रीम नसते. आपल्याला महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीचा जॅम हाताशी आहे. तो घट्ट असावा, पातळ जॅमने खालचा थर ओला होतो.

ज्यांना एवढी फेटाफेट नको, त्यांच्यासाठी वेल्समधला ‘बारा ब्रिथ’ हा चहात भिजवलेल्या बेदाण्यांचा केक पुरवणीत जरूर द्यावा. त्यात बटर नाही, आणि तासगावच्या बेदाण्याला याहून चांगली जागा नाही. ३०० ग्रॅम बेदाणे कोमट पाण्याने दोनदा धुवावेत. पिवळ्या बेदाण्याला गंधकाची धुरी दिलेली असते आणि न धुता वापरला तर तो वास केकमध्ये उतरतो. २५० मिलिलिटर कडक कोऱ्या चहात १५० ग्रॅम गूळ विरघळवून गाळून घ्यावा, त्यात बेदाणे रात्रभर भिजत ठेवावेत. सकाळी चहा न निथळता त्यातच एक अंडे, २५० ग्रॅम मैदा, १२ ग्रॅम बेकिंग पावडर आणि चमचाभर दालचिनी-जायफळ पूड मिसळावी. पावाच्या लांबट डब्यात १६० अंशांवर सव्वा तास. वरून लवकर काळसर होऊ लागला तर कागद झाकावा. त्याच दिवशी कापला तर चुरा होतो. गुंडाळून ठेवावा आणि दुसऱ्या दिवशी पातळ काप करून वर बटर लावावे.

पुढच्या वेळी अंड्यांची नुसती संख्या न देता वजन द्यावे, डब्याचा व्यास आणि ओव्हन पंख्याचा की साधा हेही लिहावे, आणि छापलेल्या कृतीची दुरुस्ती येत्या रविवारीच द्यावी, ही विनंती.

— एक वाचक, विश्रामबाग, सांगली