चाल कुणाची ते वर लिहा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत रिमिक्सवर लेख आला होता, लेखकाचं म्हणणं असं की रिमिक्स म्हणजे शिळ्या कढीला ऊत, स्वतःला काही सुचत नाही तेव्हा माणूस दुसऱ्याच्या गाण्याला हात घालतो. मी तो लेख दोनदा वाचला. निम्मा पटला आणि निम्मा अजिबात पटला नाही, म्हणून लिहितोय.

आधी पटलेलं सांगतो. आमच्या भजनी मंडळाने 1998 साली एक कॅसेट काढली होती, पैसे आम्हीच जमवलेले, रेकॉर्डिंग एका रात्रीत उरकलेलं. त्यातला एक अभंग पुढे कुणीतरी उचलला, त्याखाली डीजेचा धाडधाड ठोका बसवला आणि एका चतुर्थीला तो जिथे तिथे वाजायला लागला. पखवाजावर आमचे काका होते. आमच्या गोव्यातल्या फोंड्याच्या बाजारात ते भाजी घ्यायला थांबलेले असताना दुकानातून त्यांचाच हात त्यांच्या कानावर पडला. घरी येऊन एवढंच म्हणाले, "हात म्हजो, नांव कोणाचेंच ना." त्यानंतर बरीच वर्षं रिमिक्स हा शब्द आमच्या घरात कुणी काढत नसे, माझ्याही मनात तोच राग होता.

हा राग गेला तो भाच्यामुळे. तो पणजीला नोकरीला आहे, रोज कदंबाच्या बसने जातो, कानात कायम काहीतरी चालू असतं. एकदा म्हणाला, मामा हे ऐक, आणि हेडफोन माझ्या कानाला लावला. निल्स पेटर मोल्व्हेर म्हणून नॉर्वेचा ट्रंपेटवाला आहे, 1960 चा जन्म, त्याचा 'रिकलर्ड' नावाचा 2001 चा अल्बम. त्याच्या आदल्या वर्षी त्याचा 'सॉलिड इथर' आला होता, त्यातल्याच चिजा त्याने दुसऱ्या लोकांच्या हाती दिल्या आणि सांगितलं की आता हे तुमच्या पद्धतीने मांडा. म्हणजे आपलं गाणं स्वतःहून देऊन टाकलं! मला हेच आधी कळेना, की आपण जीव ओतून केलेलं काम माणूस असं परक्याच्या हातात का देईल.

मग मी मागे जाऊन त्याचा 1997 चा 'ख्मेर' ऐकला, सॉलिड इथर ऐकला, आणि शेवटी रिकलर्ड परत ऐकला. हाच क्रम ठेवा असं मी प्रत्येकाला सांगेन, कारण मूळ ऐकल्याशिवाय रिमिक्समध्ये काय झालंय ते समजतच नाही, बंदिश माहीत नसताना तिच्यातला विस्तार ऐकल्यासारखं होतं. ख्मेर ज्या ईसीएम कंपनीने काढला ती शांत, मोकळ्या आवाजाच्या जाझसाठी ओळखली जाते, आणि तिथे या माणसाने नाचाच्या क्लबातले तुटक ठेके आणले, आयविंद ऑर्सेटची गिटार इफेक्टमधून घातली आणि त्या सगळ्यावर ट्रंपेट वाजवला तो मात्र हळू, श्वास ऐकू येईल इतका हळू. लग्नाच्या बँडातला, चर्चच्या फेस्तातला ट्रंपेट ऐकत वाढलेल्या माणसाला पहिल्यांदा वाटतं हा ट्रंपेटच नव्हे, कुणीतरी लांबून बासरी नाहीतर गळ्याने गातंय.

आणि तो गळा कुठून आला ते कळलं तेव्हा मी चाटच पडलो. मोल्व्हेरवर माइल्स डेव्हिस या अमेरिकन जाझ ट्रंपेटवाल्याचा प्रभाव आहे हे सगळे सांगतात, पण दुसरा प्रभाव जॉन हॅसल या अमेरिकन ट्रंपेटवाल्याचा, आणि हा हॅसल 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला शिकला कुणाकडे, तर पंडित प्राणनाथांकडे. किराणा घराणं. किराणा म्हटलं की आपल्याला अब्दुल करीम खाँसाहेब, सवाई गंधर्व, भीमसेनजी आठवतात, त्याच घराण्यातले अब्दुल वहीद खाँ, आणि त्यांचे शिष्य प्राणनाथ, जे पुढे न्यूयॉर्कला जाऊन राहिले. हॅसलने काय केलं, तर गळ्यातली मींड ट्रंपेटवर काढायचा ध्यास घेतला. ट्रंपेटला तीन कळा, त्यावर सूर सुटे सुटे येतात, एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जायचं तर ते सगळं ओठांनी आणि श्वासाने करावं लागतं, वर त्याने तो आवाज इलेक्ट्रॉनिक यंत्रातून काढला. म्हणजे किराण्याची मींड अमेरिकेत गेली, तिथून नॉर्वेत, तिथे तिच्यावर कुणीतरी क्लबचा ठेका चढवला, आणि ती फिरून म्हार्दोळच्या माझ्या ओसरीवर आली. याला शिळी कढी म्हणायचं?

लेखात आणखी एक वाक्य होतं की मूळ रेकॉर्डिंग पवित्र असतं, त्याला कात्री लावू नये. पण संपादकसाहेब, जाझमध्ये मूळ रेकॉर्डिंगच कात्रीने झालेलं आहे! माइल्स डेव्हिसचा 1969 चा 'इन अ सायलेंट वे' घ्या. त्याचा निर्माता टिओ मासेरो, त्याने तासन्तास वाजवलेल्या टेपा ब्लेडने कापून जोडल्या. दुसऱ्या बाजूच्या सुरुवातीची संथ धून शेवटी परत येते ती वादकांनी परत वाजवलेली नाहीच, तोच टेपचा तुकडा पुन्हा जोडलाय. आपल्या कानाला मात्र वाटतं की फिरून मुखड्यावर आले. माइल्स 1991 ला गेला, आणि पुढे 1998 मध्ये बिल लासवेल या निर्मात्याने त्याच्या 1969 ते 1974 च्या टेपा परत उघडून 'पँथालासा' नावाने नव्याने बांधल्या, त्यावर 1999 ला आणखी लोकांचे रिमिक्स निघाले. ब्लू नोट या जाझच्या रेकॉर्ड काढणाऱ्या कंपनीने 2003 मध्ये मॅडलिब या हिपहॉपवाल्याला आपलं जुनं भांडार उघडून दिलं, त्याच्या आधी 1993 मध्ये अस-थ्री या इंग्लंडच्या ग्रुपने जाझ पियानोवादक हर्बी हँकॉकच्या 1964 च्या चिजेवरून गाणं केलं ते जगभर वाजलं, ज्या पोरांना जाझ म्हणजे काय माहीत नव्हतं त्यांनी त्यामुळे हँकॉक शोधला. सगळं चांगलंच झालं असं मी म्हणत नाही, ठोका लावून मोकळे झालेले रिमिक्स ढिगाने आहेत, ते मला एक मिनिटसुद्धा ऐकवत नाहीत. पण या सगळ्यांनी मूळ वादकाचं नाव लपवलं नाही. कुठली चीज, कुणाची, नवी मांडणी कुणाची, हे लिहिलेलं असतं. माझं सगळं म्हणणं या एका गोष्टीवर आहे.

आणि हे आपल्याला बाहेरून शिकायची गरजही नाही. घरात जुन्या संगीत नाटकांची पुस्तकं असतील तर उघडून बघा, प्रत्येक पदाच्या वर बारीक अक्षरात राग, ताल आणि 'चाल' छापलेली असते, म्हणजे हे पद कुठल्या मूळ बंदिशीवर किंवा कुठल्या जुन्या पदावर बांधलंय ते तिथेच सांगितलेलं. भास्करबुवा बखल्यांनी 1916 च्या 'स्वयंवर'ला चाली दिल्या त्या अस्सल ख्यालाच्या बंदिशींवरून, आणि म्हणून त्या पदांची किंमत कमी झाली असं मंगेशी-म्हार्दोळच्या भागात कुणी म्हणून तर दाखवावं. ते पण रिइंटरप्रिटेशनच की! फक्त चाल कुणाची ते वर लिहिलेलं होतं.

उलट नाव न लिहिण्याचा फटका सगळ्यात जास्त कुणाला बसला असेल तर तो आपल्या गोंयकारांनाच. मुंबईच्या सिनेमाच्या ऑर्केस्ट्रात हार्मनी कुणी लिहिली, ब्रास सेक्शन कुणी बसवला, सॅक्सोफोनचा तो तुकडा कुणी वाजवला? माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस, हळदोण्याचे चिक चॉकलेट, शंकर-जयकिशनची अरेंजमेंट करणारे सेबॅस्टियन डिसोझा, ही नावं आता निदान वाचायला मिळतात, पण रेकॉर्डच्या लेबलवर ती शोधून सापडत नाहीत, आणि त्यांच्या मागे बसलेले वादक तर कायमचे बिननावाचे गेले. संगीतकार क्रिस पेरी आणि गायिका लोर्ना यांच्या काळातली कोंकणी गाणी 2014 च्या 'नाचुंया कुंपासार' या कोंकणी सिनेमासाठी नव्याने वाजवून रेकॉर्ड केली तेव्हा नव्या पोरांना ती परत मिळाली, मी स्वतः बघितलंय, कोंकणी जाझ म्हणजे काय ते ठाऊक नसलेली मुलं ती गुणगुणत होती.

कायदाही आता वादकाच्या बाजूने आहे, हे बऱ्याच जणांना माहीत नाही म्हणून मुद्दाम लिहितो. कॉपीराइट कायद्यात 2012 साली दुरुस्ती झाली, त्यात 38ब कलम आलं. वापराच्या स्वरूपामुळे नाव देणं शक्यच नसेल ते सोडून, गाणाऱ्या-वाजवणाऱ्याला आपलं नाव मागायचा हक्क त्यात आहे, आणि आपल्या वादनाची आपली अब्रू जाईल अशी मोडतोड केली तर ती थांबवायचा हक्कही. आमच्या काकांच्या वेळी हे असतं तर...

आता सूचना. नॉर्वेत क्रिस्तियानसँड नावाचं शहर आहे, तिथे यान बांग आणि एरिक होनोरे या दोघांनी 2005 पासून पुंक्ट नावाचा महोत्सव चालवलाय. मुख्य हॉलमध्ये मैफल होते, ती संपली की लोक उठून दुसऱ्या खोलीत जातात आणि तिथे आत्ताच ऐकलेल्या मैफलीचा रिमिक्स समोरासमोर सुरू होतो, मैफल चालू असताना पकडलेल्या आवाजांवरून. ज्याने वाजवलं तो स्वतः तिथे उभा राहून ऐकू शकतो, पटलं नाही तर तोंडावर सांगू शकतो. हे आपल्या पणजीत कांपालला का होऊ नये? कला अकादमीत मोठं सभागृह आहे, ब्लॅक बॉक्स म्हणतात ते छोटं नाट्यगृह आहे, हिंदुस्थानी आणि पाश्चात्त्य दोन्ही संगीत एकाच छताखाली शिकवतात. एका संध्याकाळी घुमट आरती ठेवा, मातीचं घुमट, शामेळाचा ढोल, कासाळ्यांच्या झांजा, सगळा फड. घुमटाला 2019 मध्ये राज्याचं वारसा वाद्य म्हणून जाहीर केलंच आहे, मग तो नुसता चतुर्थीपुरता आणि सरकारी कार्यक्रमाच्या स्वागतापुरता कशाला? आरती संपली की शेजारी आपल्याच जाझवाल्या आणि इलेक्ट्रॉनिकवाल्या पोरांनी ती उलगडून दाखवावी. हणजुणच्या किनाऱ्यावरून या राज्याचं नाव एका इलेक्ट्रॉनिक संगीताला, गोवा ट्रान्सला, लागलं, ते जगभर पोचलं, पण त्यात घुमटाचा ठेका कुठे आहे? फक्त एक अट, पडद्यावर मोठ्या अक्षरात वादकांची नावं हवीत, आरतीच्या वेळीही आणि रिमिक्सच्या वेळीही.

आणि घरोघरी ज्या टेपा पडल्यात त्यांचं कायतरी लवकर बघायला हवं. आपल्या पावसात टेपेला बुरशी लागते, चिकटते, एकदा का तो थर सुटला की गेला, मग कुठला रिमिक्स आणि कुठलं काय. वेगवेगळे ट्रॅक नसले तरी आता निराश व्हायचं कारण नाही, 2023 मध्ये बीटल्सचं शेवटचं गाणं आलं त्यात जॉन लेननचा आवाज एका साध्या घरगुती कॅसेटवरून कॉम्प्युटरने वेगळा काढला होता.

आमची 1998 ची मूळ टेप मी भाच्याकडून कॉम्प्युटरवर उतरवून घेतलीये. कुणाला तिच्यावर काम करायचं असेल तर आनंदाने देईन, पैसे नकोत. पखवाजावर कोण, झांजेवर कोण, पेटीवर कोण, मागे साथीला कोण, ही यादी टेपच्याच डब्यात ठेवलीये. पाच नावं आहेत, त्यातले तिघे आता नाहीत.

आपला,
एक नियमित वाचक,
म्हार्दोळ, फोंडा