बगीचा तोडायच्या आधी

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

फोनवर मी झाडांचं काही सांगायला लागले की बाबा "हो, हो" म्हणत फोन आईकडे देतात. म्हणून पत्र. आई, तू मोठ्यानं वाच, म्हणजे ते पुढे जाऊ शकणार नाहीत.

बाबा, तुम्ही पाठवलेले संत्र्याचे फोटो बघितले. पिवळी झालीत ती शेंड्याची कोवळी पानं. शिरा हिरव्या, मधला भाग पिवळा. जुनी पानं चांगली आहेत. ही लोहाची कमतरता. नत्र कमी असतं तर आधी जुनी पानं पिवळी पडली असती, कारण झाड जुन्या पानांतलं नत्र काढून नव्यांना देतं. लोह त्याला तसं हलवता येत नाही. तेव्हा युरियाचं आणखी एक पोतं आणू नका.

लोह आपल्या जमिनीत भरपूर आहे, पण चुनखडीच्या मातीत ते विरघळत नाही, आणि न विरघळलेलं मुळाच्या काहीच कामाचं नाही. संत्र्याचं मूळ धडपड करतं. टोकाजवळून आम्ल सोडतं, लोहाचं रूप बदलतं आणि मग ते आत घेतं. चुन्यातून येणारं बायकार्बोनेट नेमकं ते आम्लच मारतं. काळी माती पाण्यानं गच्च झाली की हे बायकार्बोनेट वाढतं. आणि तुम्ही पान पिवळं दिसलं की मोटर सुरू करता!

आई, तुझ्या लोहाच्या गोळीचंही असंच. कॅल्शियमच्या गोळीसोबत घेतली, किंवा वर चहा प्यायलीस, की ती अंगी कमी लागते. दोन्ही गोळ्यांत काही तास जाऊ दे.

पाण्याचं आणि क्षारांचं गणित वेगळं आहे, हे बाबांनी नीट ऐकावं. पाणी वर चढतं ते मुख्यतः पानांच्या ओढीनं. पानातून वाफ उडते तसं खालून पाणी खेचलं जातं, मुळाला त्यासाठी फारशी ताकद लागत नाही. पालाश (पोटॅशियम), नत्र, स्फुरद (फॉस्फरस) आत घ्यायला मात्र ताकद लागते, आणि ती ताकद मूळ श्वास घेऊन मिळवतं. माती तुंबली की हवा नाही, हवा नाही की भूक नाही. मग खत कितीही घाला. उलट अशा ओलीत फायटोप्थोरा बुरशी फोफावते, आणि तिचंच काम म्हणजे मूळकूज आणि डिंक्या, म्हणजे खोडातून डिंक गळण्याचा रोग.

खोडाजवळची जाड मुळं झाडाला धरून ठेवतात, त्यांच्यावर साल चढलेली असते. पिणारी आणि खाणारी ती तंतुमुळं, आणि ती झाडाच्या घेराखाली, फांद्या पसरतात तिथवर दूर, वरच्या एक-दीड फुटात पसरलेली असतात. डिटमर नावाच्या शास्त्रज्ञानं १९३७ साली राय या गवताळ धान्याच्या एकाच रोपाची मुळं मोजली, तर ती सहाशे किलोमीटरहून लांब भरली, वर चौदा अब्ज मूळकेस, म्हणजे मुळावरचे केसासारखे बारीक तंतू. संत्र्याला मूळकेस फार कमी. ती उणीव मातीतली मित्रबुरशी, मायकोरायझा, भरून काढते. स्फुरद मातीत जेमतेम सरकतं, ते आणून द्यायला तिचा मोठा हात असतो. खोडाशी ओतलेलं सुपर फॉस्फेट तिथंच पडून राहतं ते म्हणूनच.

आता कामाचं. दुहेरी आळं करून घ्या. आतलं आळं खोडाभोवती, त्यात पाणी शिरू द्यायचं नाही. पाणी आणि खत दोन आळ्यांच्या मधल्या जागेत. पावसाळ्याआधी ओळींमधून चर काढून पाण्याला वाट द्या. लोहासाठी दुकानदार देईल तो डबा घेऊ नका, त्यावर 'ईडीडीएचए' लिहिलंय का बघा. लोहाला विरघळलेलं धरून ठेवणारं ते रसायन. त्याच कामाचं साधं ईडीटीए आपल्यासारख्या चुनखडीच्या जमिनीत लोहाला धरून ठेवत नाही. कुदळ मात्र गड्याच्या हातात. तुम्ही धुऱ्यावर खुर्ची टाकून बसा आणि ओरडा. गुडघ्याचं पुन्हा ऐकायला लावू नका.

बगीचा तोडून कपाशी लावायचं म्हणता. तुम्ही आंबिया बहारासाठी झाडाला ताण किती द्यायचा, म्हणजे पाणी किती दिवस तोडायचं, आणि तो कधी सोडायचा हे पान बघून सांगता, ते मला पुस्तकं वाचूनही जमत नाही. तरी तोडायच्या आधी प्रत्येक वाईट दिसणाऱ्या झाडाच्या घेराच्या कडेला थोडं खणून बघा. तंतुमुळं घट्ट, फिक्या रंगाची असली तर झाड वाचेल. काळपट असतील, बोटानं ओढल्यावर वरची साल सटकन निघून आत नुसता दोरा उरत असेल, तर ते कुजलेलं मूळ. अशी झाडं निम्म्याहून जास्त निघाली तर तोडा, मी अडवणार नाही. थोडी असतील तर तेवढीच काढा.

दोन्ही तऱ्हेची झाडं मोजून आईला लिहून ठेवायला सांगा, आणि घेराखालची माती दोन फुटांपर्यंत काढून तपासणीला द्या. चुन्याचं प्रमाण नक्की मागा, नाहीतर ते नुसते नत्र-स्फुरद-पालाशचे आकडे हातात ठेवतात.

तुमची,
मंजू