कण्णूरहून पत्र

ती. आई-बाबांस,
शि. सा. नमस्कार.

आई, मल्याळम सिनेमात असं काय असतं, हे तू विचारलंस. फोनवर नीट सांगता आलं नाही, म्हणून लिहितेय.

इकडे उत्तर केरळात पावसाळा सरला की गावोगावी तेय्यम, म्हणजे देव अंगात येण्याचे नाचाचे विधी, सुरू होतात. वण्णान, मलयन अशा एकेकाळी अस्पृश्य मानलेल्या जातींतला माणूस मुकुट चढवतो आणि देव होतो. मोठमोठ्या घराण्यांतले लोकही त्याच्यापुढे हात जोडून गाऱ्हाणी मांडतात. कोकणात दशावतारी नटांबद्दल ‘रात्री राजा, सकाळी डोक्यावर बोजा’ म्हणतात ना, तसंच. फक्त इथे राजाचा थेट देव होतो, आणि बोजा असतो जातीचा. दिग्दर्शक जयराजने १९९७ च्या ‘कळियाट्टम’ या सिनेमात शेक्सपिअरच्या ऑथेल्लोची गोष्ट या तेय्यमच्या अंगणात आणली आहे.

पण मला सर्वांत जवळचा शाजी करुणचा ‘वानप्रस्थम’ (१९९९). मोहनलाल त्यात कथकली नट आहे, उच्चकुलीन बापाने नाव न दिलेला. एक घरंदाज बाई त्याच्या अर्जुनावर भाळते. तिला मूल हवं ते अर्जुनाचं. रंग पुसलेला माणूस तिला नको. स्वतःच्या मुलाला बघायलाही तो तळमळतो. आई, मी फार रडले गं.

हे दुःख इथल्या सिनेमाने जन्मापासून पाहिलंय. केरळातल्या पहिल्या मूकपटाची नायिका पी. के. रोझी दलित होती. तिने पडद्यावर नायर बाई साकारली म्हणून लोकांनी दगडफेक केली, तिला केरळ सोडावं लागलं.

बाबा, शाजी करुण, अडूर गोपालकृष्णन, जॉन अब्राहम (हिंदीतला नट नव्हे) हे सगळे दिग्दर्शक आपल्या पुण्यात फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकले, प्रभातच्या जुन्या आवारात. तिथून परतलेल्या जॉनने मित्रांसोबत लोकांकडून वर्गणी गोळा करून १९८६ मध्ये ‘अम्मा अरियान’ केला. एका तरुणाने आत्महत्या केलीय, आणि ती बातमी त्याच्या आईला सांगायला त्याचे सोबती वायनाडहून कोचीपर्यंत निघतात. वाटेत माणसं जोडली जातात, आणि नक्षलवादी चळवळीत होरपळलेली एक पिढीच आपल्यासमोर उभी राहते. हा सिनेमा पैसेवाल्या निर्मात्याच्या हातून झाला नसता, असं मला मनापासून वाटतं.

मे महिन्यात येईन तेव्हा तो सोबत बघू. तोवर बाबा, तुम्ही १९९१ चा ‘संदेशम’ बघा. रेल्वेतून निवृत्त झालेला बाप आणि दोन विरोधी पक्षांत गेलेले त्याचे मुलगे. काकांनाही बोलवा, निवडणुकीपासून तुम्ही दोघं नीट बोललेला नाहीत.

तुमची लेक