पोत्यातली संगीन

वाई,
रविवार, रात्री

चि. ओंकार यास अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर म्हणालास, "पोत्यात संगीन खुपसताना सगळे बेंबीच्या देठापासून ओरडतात, माझा आवाजच फुटत नाही. बाबा, मी चुकीच्या जागी आलोय का?" आई शेजारी होती, म्हणून मी तिथल्या जेवणाचा विषय काढला. आता ती झोपलीय.

अर्जुनाची गोष्ट तू ऐकलीस ती कीर्तनकाराच्या घाईनं. गांडीव गळालं, तोंडाला कोरड पडली, गडी रथात मटकन बसला आणि लगेच कृष्णाचा उपदेश सुरू. मी मात्र पहिल्या अध्यायातच रेंगाळतो. ज्ञानोबा तिथे भुंग्याचा दाखला देतात. वाळकं लाकूड कोरणारा भुंगा कमळाच्या कळीत सापडला, की जीव देईल पण पाकळी चिरणार नाही. भित्र्याला कोणी असा दाखला देत नाही. विराटाच्या गायी सोडवताना याच अर्जुनानं एकट्यानं याच भीष्म-द्रोणांना मागे रेटलं होतं.

खरं सांगायचं तर तो अडला 'स्वजनां'पाशी. समोर सगळे परकेच असते तर अडला असता का? मला नाही वाटत. तुझ्यासमोर तर परकाच असणार, तेव्हा तुझी अडचण त्याच्यापेक्षा अवघड आहे.

लोक गीता संपली की पुस्तक मिटतात. भीष्मपर्व पुढे चालूच असतं. सातशे श्लोक झाले, 'करिष्ये वचनं तव' म्हणून झालं, आणि तरीही भीष्मांसमोर याचा हात हलकाच पडतो. व्यासांचा शब्द आहे 'मृदुयुद्ध'. तिसऱ्या दिवशी कृष्ण वैतागून चक्र घेऊन रथाखाली उडी टाकतो, नवव्या दिवशी नुसता चाबूक घेऊन. हाती शस्त्र धरणार नाही म्हणालेला सारथी! अर्जुन मागे धावतो, त्याचे पाय धरतो, फरफटत जातो आणि दहाव्या पावलावर त्याला कसाबसा थोपवतो.

त्या नवव्या रात्री तो जे बोलतो, ते वाचताना मला चष्मा काढावा लागला. लहानपणी धुळीनं माखलेला मी भीष्मांच्या मांडीवर चढायचो, 'तात' म्हणायचो. ते म्हणायचे, अरे, मी तुझा तात नव्हे, तुझ्या बापाचा तात. त्यांना कसा मारू?

तूही अंगणातल्या मातीनं भरलेला आजोबांच्या मांडीवर चढायचास. घरातले सगळे म्हणतात म्हणून तूही त्यांना 'तात्या'च म्हणायचास. त्यांनी कधी दुरुस्त केलं नाही.

दहाव्या दिवशी शिखंडीला पुढे घालून अर्जुनानं बाण सोडले. भीष्म पडले. उशी मागितली तेव्हा त्यानंच तीन बाण मारून डोक्याला आधार दिला. हात तोच.

तात्या मराठा लाइट इन्फंट्रीत होते, एकाहत्तरच्या लढाईत होते, एवढंच आपल्याला ठाऊक. गावच्या यात्रेला बोकड पडायचा तेव्हा ते विहिरीवर जाऊन बसायचे. मी बारा-तेरा वर्षांचा असताना मागोमाग गेलो आणि विचारलं, "तात्या, तुम्ही माणूस मारलाय?" ते काठावर बसून रहाटाचा दोर सोडवत होते. बराच वेळ सोडवत राहिले. मग म्हणाले, "बादली गळतीय. घरातनं डांबर आण." मी डांबर आणलं. पुन्हा विचारलं नाही. त्या वर्षी मटण मी खाल्लं, त्यांनी पिठलं-भाकरी.

टाच सोलली म्हणतोस, तर दोन मोजे घालत जा. आईनं डिंकाचे लाडू पाठवलेत, डबा परत आण म्हणतेय. उस्ताद ओरडायला सांगतात तेव्हा ओरड. बाकीचं पत्रातून लिही, फोनवर नको. आई ऐकते.

तुझा,
बाबा